स्थिर द्रावण आणि हिवाळी निसर्गदृश्य



हिवाळी निसर्गदृश्याचे कृष्णधवल छायाचित्र घेणाऱ्यापुढे एक कूटप्रश्न नेहमी उभा असतो. शिमल्याच्या पुढे नारकंड्याच्या उतारावर उन्हात झळाळणारे बर्फ आणि देवदाराचे काळसर खोड एकाच चौकटीत येतात. बर्फाला जपावे तर खोडाची साल काळोखात बुडते; सालीला जपावे तर बर्फाचा कोरा कागद होतो. या पेचातून सुटण्याचा एक जुना मार्ग म्हणजे फिल्म धुताना डेव्हलपर जवळजवळ न हलवणे. त्यामागील कार्यकारणभाव मी येथे थोडक्यात मांडतो.

फिल्मवरील रौप्य ब्रोमाइडच्या ज्या कणांवर प्रकाश पडलेला असतो, त्यांचे डेव्हलपर चांदीत रूपांतर करतो. या क्रियेत तो स्वतः खर्ची पडतो आणि ब्रोमाइड बाहेर पडते. हे ब्रोमाइड पुढील क्रियेला आवर घालते. टाकी वारंवार हलवली की शिळे द्रावण दूर होऊन सर्वत्र ताजे पोहोचते. ती हलवलीच नाही, तर बर्फाच्या भागात, जेथे काम भरपूर असते, डेव्हलपर लवकर थकतो. खोडाच्या भागात काम थोडे असल्याने तो दीर्घकाळ टिकतो आणि सालीचे बारकावे सावकाश उमटत राहतात. अशा रीतीने तीव्र विरोध आपोआप सौम्य होतो. शिवाय दोन्ही भागांच्या सीमेवर ताजे द्रावण उजळ बाजूकडे व ब्रोमाइड गडद बाजूकडे सरकते. त्यामुळे कडा अधिक रेखीव दिसतात.

या पद्धतीसाठी रोडिनाल हे डेव्हलपर विशेष प्रसिद्ध आहे. जर्मनीत १८९१ साली त्याचे पेटंट घेतले गेले. आग्फाफोटो ही कंपनी २००५ साली दिवाळखोरीत गेली, तरी या सूत्राचे डेव्हलपर आजही मिळते. माझा प्रघात असा : ५ मिलिलिटर रोडिनाल ५०० मिलिलिटर पाण्यात, तापमान २० अंश सेल्सिअस, अवधी एक तास. प्रारंभी अर्धा मिनिट टाकी हळुवार उलटसुलट करावी आणि हवेचे बुडबुडे निघून जावेत म्हणून ती ओट्यावर हलकेच आपटावी. अर्ध्या तासाने एकदा सावकाश उलटावी. एरवी तिला स्पर्श करू नये. फिक्सर मात्र नेहमीप्रमाणे हलवत राहावे. तासाभरात पाणी निवते, म्हणून टाकी २० अंशांच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवावी. उत्तर हिंदुस्थानातील आपल्या उन्हाळ्यात नळाचे पाणीच याहून पुष्कळ गरम असते; या दृष्टीने हिवाळा हाच या प्रयोगाचा ऋतू होय.

परंतु फिल्मवर जे उमटलेच नाही, ते कोणताही डेव्हलपर निर्माण करू शकत नाही. प्रकाशमापक समोरचे सारे मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. त्याच्यावर विसंबल्यास बर्फ राखाडी होते आणि सावल्या रित्या राहतात. म्हणून बर्फावर मापन केल्यास एक ते दोन स्टॉप अधिक प्रकाश द्यावा. बर्फावरील सावल्यांना निळ्या आकाशाचा उजेड मिळतो. पिवळा फिल्टर तो अडवतो, त्यामुळे सावल्या गडद होऊन बर्फाचा पोत खुलतो.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. ग्वाल्हेरच्या धुक्यातील दृश्य मुळातच सपाट असते. तेथे हीच पद्धत वापरली तर चित्र निस्तेज होईल. अशा वेळी टाकी नियमितपणे हलवणेच श्रेयस्कर. स्थिर द्रावणात जड ब्रोमाइड खाली ओघळून मोकळ्या आकाशावर पट्टे उमटण्याचाही धोका असतो; मधल्या वेळी एकदा टाकी उलटण्याचे प्रयोजन तेच. ज्या दृश्यात आकाशाचा विस्तार मोठा आहे, त्याची फिल्म या पद्धतीला सोपवण्यापूर्वी त्याच जातीच्या दुसऱ्या फिल्मवर परीक्षा घ्यावी.

ही सावधगिरी अनाठायी नाही. छापील प्रत बिघडली तर दुसरी काढता येते. निगेटिव्ह एकदाच धुतले जाते, आणि त्या सकाळचे बर्फ दुपारपर्यंत वितळलेले असते. म्हणून प्रत्येक रोलमागे दृश्यातील प्रकाश, द्रावणाचे प्रमाण, तापमान आणि अवधी यांची नोंद वहीत अवश्य ठेवावी. आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुना कॅमेरा कपाटात पडून आहे, त्यांनी येत्या हिवाळ्यात एक रोल या प्रयोगासाठी राखून ठेवावा, एवढी विनंती.