दहांत एक

आरत्यांच्या साथीतला घोरपडीच्या कातड्याचा जुना खर्ज बकरीच्या कातड्यातून काढता येतो, मात्र त्यासाठी आधी मडके निवडता आले पाहिजे, असे गोव्यातल्या चोपड्याच्या एका वृद्ध घुमटवादकांनी इतक्या निश्चयाने सांगितले की, चतुर्थीपूर्वी ते नवे घुमट घेण्यासाठी डिचोलीच्या कुंभारांकडे निघाले तेव्हा मीही त्यांच्यासोबत गेलो.

घुमट म्हणजे दोन तोंडांचा भाजलेल्या मातीचा घट. मोठे तोंड कातड्याने मढवलेले, धाकटे उघडे. उजव्या हाताची बोटे कातड्यावर आघात करीत असता डावा तळवा धाकटे तोंड झाकीत-उघडीत राहतो. वाट अरुंद झाली की आतल्या हवेचा स्वर खाली उतरतो, मोकळी झाली की वर चढतो. घोरपडीचे कातडे पातळ व चिवट, म्हणून पूर्वी त्याचीच मातब्बरी. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे, आणि ज्या वाद्याला २०१९ साली गोवा सरकारने वारसा-वाद्याचा मान दिला, त्याच्यासाठी एका मुक्या जीवाचे प्राण घेतले जाऊ नयेत, हे मला सर्वथा न्याय्य वाटते. चोरून घोरपडीचे कातडे मागणाऱ्या रसिकांची रसिकता मला मान्य नाही.

कुंभाराच्या पडवीत ओल्या मातीचा आणि भट्टीच्या राखेचा मिश्र गंध भरून राहिला होता. वृद्ध वादक एकेक घट मांडीवर घेत, पोटावर बोटाच्या पेराने टिचकी मारीत, धाकट्या तोंडाशी कान नेत, मग आत बोटे घालून काठाची जाडी अजमावीत. कच्चा भाजलेला घट बद्द वाजे. तडा गेलेला घरघरे. एका बाजूला जाड राहिलेल्यात घुमारा टिकत नसे. "दहांत एक," ते म्हणाले, आणि पुढचा घट उचलला.

सोबत आलेला त्यांचा नातू एका वाद्यवृंदात बास गिटार वाजवतो. त्याच्या बरोबरीचे वादक जुन्या नादाच्या शोधात फेंडर कंपनीने १९५१ साली काढलेल्या प्रिसिजन बासची निवड करतात, तिला सपाट वेष्टनाच्या तारा चढवतात आणि त्या जुन्या होऊ देतात. अमेरिकेतल्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीचा बासवादक जेम्स जेमर्सन तर तारा तुटल्याखेरीज बदलत नसे आणि एकट्या तर्जनीने वाजवी, असे नातवाने सांगितले. आजोबांनी ते लक्षपूर्वक ऐकून घेतले.

"मग नाद तारेत की बोटात?"

"दोन्हीत, आजोबा. पण बोट आधी."

त्यांनी संतोषाने मान हलवली आणि एक घट त्याच्या मांडीवर ठेवून डावा तळवा धाकट्या तोंडावर कसा सैल टेकवायचा, हे त्याचे मनगट धरून दाखवले. मढवणे घरी व्हायचे होते: कातडे भिजवून, ताणून, दोरीने आवळून. पावसाळी हवेत ते सैल पडते, म्हणून वाजवण्यापूर्वी शेकावे लागते.

दहांत एक, हा हिशेब वादकाचा. उरलेल्या नऊ घटांची माती, लाकूड आणि श्रम मात्र कुंभाराच्या पदरी पडतात, हे ती रास पाहताना मला तीव्रतेने जाणवले. वृद्धांनाही त्याची जाणीव असावी. कुंभाराने सांगितलेली किंमत त्यांनी घासाघीस न करता त्याच्या हातावर ठेवली आणि पुढल्या वर्षासाठी दोन घट, काठ जरा पातळ ठेवून, आगाऊ सांगून ठेवले.