द्रविड आणि खेळाचं वेड

खेळावरचं प्रेम ओळखायचं कसं? माझ्या मते, खेळाडूनं मैदानावर किती मिळवलं यापेक्षा सगळं मिळवून झाल्यावर तो तिथं का परततो, हे बघावं. बंगळुरूत वाढलेल्या, मराठी घरातल्या राहुल द्रविडकडे बघा. रणजी पदार्पण १९९१ साली पुण्यात, महाराष्ट्राविरुद्ध. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती २०१२ मध्ये. कसोटीत १३,२८८ धावा आणि त्यासाठी खेळलेले ३१,२५८ चेंडू, म्हणजे जगात सर्वाधिक. जून २०२४ मध्ये प्रशिक्षक म्हणून टी-ट्वेंटी विश्वचषकही हाती आला. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, हा माणूस बंगळुरूच्या क्लब क्रिकेटमध्ये धाकट्या मुलाबरोबर, अन्वयबरोबर, फलंदाजीला उतरला!

कुणी म्हणेल, क्रिकेट हा त्याचा व्यवसायच आहे, त्यात प्रेम कसलं? पण तिसऱ्या विभागातल्या क्लब सामन्यातून कसला पैसा आणि कसली कीर्ती? या वयात असा धोका पत्करणं शहाणपणाचं नाही, हा दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, कारण बंगळुरूत क्रिकेट खेळतानाच त्याच्या पायाला दुखापत झाली. पण पुढं काय झालं? आयपीएलमधल्या आपल्या संघाच्या सरावाला तो, प्रशिक्षक म्हणून, कुबड्या घेऊन हजर राहिला. एप्रिलमध्ये जयपूरला त्याच संघातल्या १४ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीनं ३५ चेंडूंत शतक ठोकलं, तेव्हा दुखऱ्या पायाचं भान विसरून तो व्हीलचेअरवरून उठून उभा राहिला. पन्नाशीनंतर खेळताना अंगाला जपायलाच हवं, पण तेवढ्यासाठी खेळ सोडू नका.