सुरणाची बुंधाकूज
पालघर व बोईसर-तारापूर पट्ट्यातील मुसळधार पावसात, निचरा नसलेल्या जमिनीत सुरणाचा बुंधा कुजण्याचा धोका असतो. पाने पिवळी पडून झाड कोलमडते. हा केवळ अतिपावसाचा परिणाम नव्हे; तो स्क्लेरोशियम रोल्फसी या बुरशीचा रोग होय. बुंध्याशी पांढरे तंतू व मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसतात. हे दाणे मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात. म्हणून रोगट झाड बांधावर टाकू नये. ते जाळावे व बुंध्यालगतची माती शेताबाहेर खोल पुरावी. अशा शेतातील कंद स्वस्त मिळाले तरी बेण्यास घेऊ नयेत. निरोगी बेणे, दर किलोस ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळलेल्या शेणकाल्यात बुडवून, सावलीत सुकवावे व मगच लावावे. चर खोदून पाण्यास वाट द्यावी. खुरपणीत बुंध्यास इजा होऊ देऊ नये. जखमेतून बुरशीचा शिरकाव सुलभ होतो.