एक व्यक्ती, अनेक प्रतिमा : छायाचित्रातील ‘एकाच क्षणा’चा विचार

प्रस्तावना

छायाचित्र म्हणजे एका क्षणाचे यथातथ्य चित्रण, अशी सर्वसाधारण समजूत आहे. एकच व्यक्ती एकाच खोलीत खुर्चीवर बसलेली, खिडकीपाशी उभी असलेली आणि दारातून आत येणारी अशी एकाच छायाचित्रात दिसते, तेव्हा या समजुतीला धक्का बसतो. असे छायाचित्र कसे सिद्ध होते आणि त्यावरून छायाचित्राच्या पुरावामूल्याविषयी काय म्हणता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’ (1917) या चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. परंतु एका नटाने दोन भूमिका करणे आणि तो एकाच चौकटीत दोनदा दिसणे या भिन्न गोष्टी होत. दुसऱ्या गोष्टीसाठी अभिनयाखेरीज प्रकाशाचे नियोजन करावे लागते.

फिल्मवरील तंत्र

फिल्मवर प्रकाशाची केवळ बेरीज होते. एकदा पडलेला प्रकाश पुसता येत नाही. त्यामुळे एकाच फिल्मवर दोनदा चित्रण केल्यास पहिल्या चित्रणातील उजळ पार्श्वभूमी दुसऱ्या चित्रणातील व्यक्तीवर उमटते आणि ती व्यक्ती पारदर्शक भासते. हा दोष टाळण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला, व्यक्तीला काळ्या पडद्यासमोर उभे करणे. काळ्या भागातून प्रकाश जवळजवळ येत नसल्याने फिल्मचा तो भाग पुढील चित्रणासाठी कोरा राहतो. दुसरा, लेन्सचा अर्धा भाग झाकून चित्रण करणे आणि नंतर झाकण दुसऱ्या बाजूस फिरवून उरलेल्या भागाचे चित्रण करणे. दोन्ही चित्रणांचे क्षेत्र एकमेकांवर आले तर मध्ये उजळ पट्टा दिसतो. त्यांच्यात अंतर राहिले तर काळसर पट्टा दिसतो.

तिसरा मार्ग मुद्रणाचा होय. मूळचे स्वीडनचे व इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले छायाचित्रकार ऑस्कर रेलँडर यांनी 1857 मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह एकत्र करून ‘द टू वेज ऑफ लाइफ’ हे चित्र तयार केले. 1871 च्या सुमारास त्यांनी स्वतःचेच एक दुहेरी चित्र सिद्ध केले. त्यात चित्रकार रेलँडर हे स्वयंसैनिक रेलँडर यांची ओळख करून देताना दिसतात.

या पद्धतीची कठीण परीक्षा बस्टर कीटन यांच्या ‘द प्लेहाऊस’ (1921) या मूकपटात झाली. त्यातील एका दृश्यात नऊ कीटन एका रांगेत दिसतात. लेन्ससमोर नऊ उभ्या झडपांची पेटी बसवून एका वेळी एकच झडप उघडली जाई आणि प्रत्येक चित्रणानंतर फिल्म मागे गुंडाळली जाई. कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवावी लागत असल्याने छायालेखक एल्गिन लेस्ली यांना नऊही वेळा समान गती राखणे भाग होते.

संगणकीय तंत्र

1994 मध्ये फोटोशॉप या संगणकप्रणालीत लेयरची सोय आली आणि झडपेचे काम पडद्यावर होऊ लागले. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर ठेवून व्यक्तीची निरनिराळ्या जागी छायाचित्रे घेतली जातात. ती एकमेकांवर रचून प्रत्येकातील आवश्यक तेवढाच भाग मास्कद्वारे दृश्य ठेवला जातो. मात्र जुने नियम बदललेले नाहीत. कॅमेरा हलता कामा नये. एक्स्पोजर, फोकस व रंगसंतुलन स्वयंचलित न ठेवता कायम करावे लागते. नैसर्गिक प्रकाश बदलण्यापूर्वी काम आटोपावे लागते. व्यक्तीबरोबर तिची सावली व प्रतिबिंबही घ्यावे लागते. सावली वगळली गेली, तर जाणकाराच्या दृष्टीस जोडकाम तत्काळ येते.

फिरत्या कॅमेऱ्याची साक्ष

याहून विचारप्रवर्तक उदाहरण विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या फिरत्या पॅनोरमा कॅमेऱ्याचे आहे. लांबलचक समूहचित्र घेताना हा कॅमेरा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश वळत असे. एखादा खोडकर विद्यार्थी आपले चित्रण होताच रांगेमागून धावत दुसरे टोक गाठी आणि चित्रात दोनदा दिसे. आजच्या मोबाइलमधील पॅनोरमातही हे घडू शकते. येथे कोणी काही कापले वा जोडलेले नाही. चित्राचा प्रत्येक भाग खराच आहे. खरी नाही ती केवळ एककालिकता.

निष्कर्ष

वरील सर्व पद्धतींतून एकच गोष्ट स्पष्ट होते. व्यक्ती तेथे होती, हे अशी छायाचित्रे दाखवितात. परंतु ती सर्व दृश्ये एकाच वेळी होती, हे त्यांवरून सिद्ध होत नाही. ही बाब महाविद्यालयांशी निगडित आहे. नॅक मूल्यांकनासाठी कार्यक्रमांची स्थळनोंद असलेली छायाचित्रे पुरावा म्हणून सादर केली जात आली आहेत. स्थळनोंद जागा सांगते. सभागृह एका वेळी किती भरले होते, हे सांगत नाही. म्हणून अशा नोंदींत अंतिम चित्राबरोबर मूळ, असंपादित फाइल जतन करणे आणि चित्र जोडलेले किंवा पॅनोरमा असल्यास तसा स्पष्ट उल्लेख करणे इष्ट ठरेल. तसेच विद्यार्थ्यांकडून एकदा तरी असे बहुप्रतिमा छायाचित्र करवून घ्यावे. ज्याने स्वतः सावली जोडली आहे, तो दुसऱ्याच्या छायाचित्रातही सावली शोधू लागतो.