हँड ग्रिपर १०० वेळा दाबताय? आधी योग्य पद्धत पाहा

मोबाइल पाहता पाहता ग्रिपर १०० वेळा अर्धवट दाबला, तर हात थकतो. पकड फारशी वाढत नाही.

कसा दाबावा? एक दांडा अंगठ्याखालच्या मांसल भागावर टेकवा, दुसऱ्यावर करंगळीसह चारही बोटे ठेवा. मनगट सरळ ठेवून दांडे एकमेकांना टेकेपर्यंत दाबा, २ सेकंद थांबा, सावकाश सोडा. दांडे टेकतच नसतील तर हलका ग्रिपर घ्या.

किती वेळा? ८ ते १२ वेळांत हात थकेल, असा ग्रिपर निवडा. दिवसाआड २-३ सेट पुरेसे.

धोका काय? स्नायू हाडांना जोडणारे कंडरा स्नायूंपेक्षा सावकाश बळकट होतात. रोज अतिरेक केल्यास कोपराची आतली बाजू दुखू शकते. दुखताच थांबा.