लेखकाचा पहिला वाचक

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव असते ते एकट्या लेखकाचे. आतल्या पानावर प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठकार यांचा उल्लेख होतो. परंतु हस्तलिखित छापखान्यात जाण्यापूर्वी ज्याने ते ओळ न् ओळ वाचलेले असते, समासात प्रश्नचिन्हे केलेली असतात, प्रसंगी लेखकाची नाराजी पत्करून ‘हे प्रकरण पुन्हा लिहून पाहा’ असे सुचवलेले असते, त्याचे नाव बहुधा कुठेच आढळत नाही. हा माणूस म्हणजे संपादक. लेखन ही एकांतातील निर्मिती आहे, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे आणि ती चुकीचीही नाही. मात्र, एकांतात लिहिलेला मजकूर आणि वाचकाच्या हाती पडणारे पुस्तक यांच्या दरम्यान काय घडते, हे पाहू लागलो की निर्मितिप्रक्रियेचे एक वेगळेच अंग समोर येते. त्यातूनच एक अवघड प्रश्नही उभा राहतो. दुसऱ्याच्या लेखनात किती हात घालावा?

दुरुस्ती वेगळी, संपादन वेगळे

संपादन म्हणजे शुद्धलेखन तपासणे, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढणे, सुटलेले शब्द भरणे, विरामचिन्हे नीट करणे हे मुद्रितशोधकाचे काम. ते महत्त्वाचे आहेच. पण ते मजकूर तयार झाल्यानंतरचे काम आहे. संपादकाचे काम त्याआधी सुरू होते. कथा जिथे सुरू होते तिथेच ती सुरू व्हायला हवी का? निवेदन कोणाच्या तोंडी आहे आणि ते शेवटपर्यंत टिकते का? एखादे पात्र लेखकाच्या मनात स्पष्ट असूनही कागदावर पुसट तर राहिले नाही ना? जे प्रसंगातून कळले आहे, तेच पुन्हा स्पष्टीकरण करून सांगितले आहे का? लेखक आपल्या मजकुराच्या इतका जवळ असतो, की जे लिहायचे होते ते लिहून झालेच आहे असे त्याला वाटत राहते. कागदावर खरोखर काय उतरले आहे, हे सांगू शकतो तो पहिला परका वाचक. संपादक हा असा वाचक असतो. फक्त आपल्याला कुठे अडखळायला झाले आणि का, हे त्याला नेमके सांगता यावे लागते.

कादंबरीच्या पोटातली कादंबरी

हार्पर ली यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९५७ मध्ये त्यांनी लिपिनकॉट या अमेरिकन प्रकाशनसंस्थेला एक हस्तलिखित दिले. न्यूयॉर्कमध्ये राहणारी एक तरुणी दक्षिणेतील आपल्या गावी परतते आणि ज्या वडिलांना तिने आदर्श मानले, त्यांचे वंशभेदाविषयीचे विचार ऐकून हादरते, असे त्याचे कथानक होते. संपादक टे होहॉफ यांना त्यात लेखिकेचा अस्सल आवाज जाणवला. पण ती त्यांना सलग कादंबरीपेक्षा प्रसंगांची मालिका वाटली. नायिकेच्या बालपणीच्या आठवणींचे तुकडे मात्र जिवंत होते. ते तुकडे हाच कादंबरीचा गाभा का होऊ नये, या दिशेने त्यांनी लेखिकेला विचार करायला लावले.

पुढची सुमारे अडीच वर्षे पुनर्लेखनात गेली. तृतीयपुरुषी निवेदन जाऊन प्रथमपुरुषी आले, काळ वीस वर्षांनी मागे सरकला आणि १९६० मध्ये ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. मूळ हस्तलिखित ‘गो सेट अ वॉचमन’ या नावाने २०१५ मध्ये प्रकाशित झाले, तेव्हा या दोन मजकुरांमधले अंतर वाचकांना प्रथमच प्रत्यक्ष पाहता आले. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की होहॉफ यांनी नवी कादंबरी लिहून दिली नाही. हस्तलिखितात दडलेली कादंबरी त्यांनी दाखवून दिली. लिहिली ती ली यांनीच.

प्रश्न संपादकाचा, उत्तर लेखकाचे

हीच रीत स्क्रिबनर्स या संस्थेचे संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांची होती. स्कॉट फिट्झजेराल्ड यांनी १९२४ च्या शरदात ‘द ग्रेट गॅट्सबी’चे हस्तलिखित पाठवले. पर्किन्स यांनी नोव्हेंबरमध्ये लिहिलेल्या पत्रात भरभरून कौतुक केले आणि सोबत एक अडचणही मांडली. इतर पात्रे डोळ्यांसमोर उभी राहतात; गॅट्सबी मात्र अंधूक वाटतो आणि त्याच्याकडे एवढा पैसा आला कुठून, याचाही पत्ता लागत नाही. गूढता राहू द्यावी, पण वाचकाला काही खुणा तरी मिळाव्यात, एवढेच त्यांचे म्हणणे होते. गॅट्सबी कसा दिसतो किंवा नेमके काय करतो, हे आपल्यालाच ठाऊक नव्हते, अशी कबुली फिट्झजेराल्ड यांनी दिली. त्यानंतर रोममध्ये मुद्रितांवरच त्यांनी मोठे फेरबदल केले. कादंबरी एप्रिल १९२५ मध्ये आली. प्रश्न पर्किन्स यांचा होता, उत्तर मात्र सर्वस्वी लेखकाचे होते.

याच पर्किन्स यांच्या कारकिर्दीत संपादनाची दुसरी बाजूही दिसते. टॉमस वुल्फ यांचे लेखन पुरासारखे येई. ‘लुक होमवर्ड, एंजल’ या १९२९ च्या पहिल्या कादंबरीतून सुमारे साठ हजार शब्द कमी करावे लागले. १९३५ च्या ‘ऑफ टाइम अँड द रिव्हर’साठी तर दोघे रात्रीमागून रात्री एकत्र बसले. वुल्फ यांनी ती कादंबरी मोठ्या कृतज्ञतेने पर्किन्स यांना अर्पण केली. पण पुढच्याच वर्षी बर्नार्ड डीव्होटो या समीक्षकाने, या लेखकाची पुस्तके संपादकाच्या मदतीशिवाय उभीच राहू शकत नाहीत, अशा आशयाची झोंबणारी टीका केली. १९३७ मध्ये वुल्फ यांनी स्क्रिबनर्सशी संबंध तोडले. स्वतःला सिद्ध करायला त्यांना फारसा अवधी मिळाला नाही. १९३८ मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. अखेरच्या आजारात रुग्णालयातून त्यांनी पर्किन्स यांना स्नेहाचे पत्र लिहिले होते. दोघांच्या हेतूंविषयी शंका घ्यायला जागा नाही. तरीही, हे पुस्तक माझे आहे की आमचे, हा प्रश्न लेखकाला किती पोखरू शकतो, याची ही साक्ष आहे.

मर्यादा ओलांडली जाते तेव्हा

रेमंड कार्व्हर यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र झाला. त्यांचा ‘व्हॉट वी टॉक अबाउट व्हेन वी टॉक अबाउट लव्ह’ हा कथासंग्रह १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अत्यल्प शब्दांत लिहिणारा कथाकार अशी त्यांची ख्याती झाली. ती शैली बऱ्याच अंशी संपादक गॉर्डन लिश यांच्या कात्रीतून आली होती. संग्रहाच्या हस्तलिखितातील निम्म्याहून अधिक मजकूर त्यांनी काढून टाकला होता, शीर्षके बदलली होती, काही कथांचे शेवटही बदलले होते. दीर्घ व्यसनातून नुकतेच सावरलेल्या कार्व्हर यांनी जुलै १९८० मध्ये लिश यांना पत्र लिहून, हे पुस्तक या रूपात थांबवावे, अशी कळकळीची विनंती केली. पुस्तक थांबले नाही.

एका कथेवरून फरक स्पष्ट होईल. आठ वर्षांच्या मुलाला त्याच्या वाढदिवशी मोटारीची धडक बसते. आईवडील रुग्णालयात असताना, मागवलेला केक कोणी न्यायला आले नाही म्हणून बेकरीवाला घरी पुन्हा पुन्हा फोन करतो. लिश यांच्या ‘द बाथ’ या रूपात कथा एका फोनवर तुटते. मुलाचे काय झाले हे कळत नाही. उरते ते फक्त भय. कार्व्हर यांच्या मूळ आराखड्यात मुलगा मरतो, आईवडील संतापून मध्यरात्री बेकरीत जातात आणि सारे कळल्यावर तो एकाकी बेकरीवाला त्यांना बसवून घेतो, ताजा गरम पाव खाऊ घालतो. हे विस्तृत रूप कार्व्हर यांनी ‘अ स्मॉल, गुड थिंग’ या नावाने १९८३ च्या ‘कथीड्रल’ संग्रहात घेतले. कोणते रूप सरस, याविषयी आजही मतभेद आहेत. लिश यांची कात्री कलात्मकदृष्ट्या निकामी होती, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्यांनी कथेतून शब्दांबरोबर लेखकाची माणसांविषयीची करुणाही वजा केली होती. लेखकाला जे म्हणायचे आहे ते अधिक नीट म्हणायला मदत करणे आणि त्याच्या तोंडी दुसरेच काही घालणे, यांतली सीमारेषा इथे ओलांडली गेली. कार्व्हर यांचे मूळ हस्तलिखित ‘बिगिनर्स’ या नावाने प्रकाशात आले ते २००९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर एकवीस वर्षांनी.

‘पाडस’ आणि ‘सत्यकथा’

पर्किन्स यांच्या परंपरेचा एक धागा थेट मराठीपर्यंत येतो. फ्लोरिडाच्या झुडपी रानात वाढणाऱ्या मुलावर पुस्तक लिहा, असे त्यांनी मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांना सुचवले होते. त्यातून १९३८ मध्ये ‘द यर्लिंग’ ही कादंबरी आली. तिचा ‘पाडस’ हा अनुवाद मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी जिवापाड जपला आहे. अनुवादक होते राम पटवर्धन, म्हणजे श्री. पु. भागवत यांच्यासमवेत ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादन करणारे, मराठीतले एक साक्षेपी संपादक. एका संपादकाच्या सूचनेतून जन्मलेली कादंबरी दुसऱ्या संपादकाने मराठीत आणावी, हा योगायोग सुखद आहे.

गिरगावातील खटाववाडीतून चालणाऱ्या ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’ परिवाराने मराठीत संपादनाला एका सांस्कृतिक कार्याचे रूप दिले. आलेली कथा केवळ स्वीकारून वा ‘साभार परत’ करून हे संपादक थांबत नसत. लेखकाला सविस्तर पत्र जाई. कथा कुठे सैल पडली, शेवट कुठे लादल्यासारखा वाटतो, हे त्यात सांगितलेले असे. जी. ए. कुलकर्णी, गंगाधर गाडगीळ, व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारख्या कथाकारांचे लेखन ‘सत्यकथे’तून वाचकांसमोर आले. नवकथेचे युग घडले ते प्रतिभावंत लेखकांमुळे, यात शंका नाही. पण त्या प्रतिभेकडे गांभीर्याने पाहणारे वाचक संपादकाच्या खुर्चीत होते, हेही विसरता येणार नाही. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद झाले.

मात्र, या संस्कृतीवर आक्षेपही घेतले गेले. साठच्या दशकातील लघुअनियतकालिकांच्या लेखकांना ‘सत्यकथे’ची अभिरुची एका विशिष्ट वर्गाची आणि साचेबंद वाटत होती. त्यांच्या रागात तथ्य होते. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ हा संग्रह १९७२ मध्ये आला. त्यातील भाषा कोणी प्रमाण मराठीच्या चौकटीत बसवण्याचा ‘संस्कार’ केला असता, तर त्या कवितेचा प्राणच गेला असता. विजय तेंडुलकर यांनी संग्रहाला प्रस्तावना लिहिली. कवितेतील जे शब्द आपल्याला कळले नाहीत, त्यांचे अर्थ त्यांनी कवीकडून समजून घेतले, ते बदलायला सांगितले नाहीत. अनोळखी शब्द ही चूक आहे की नवे जग आहे, हे ओळखणे हीच संपादकीय दृष्टीची खरी कसोटी होय.

आज कशाची गरज आहे?

संगणकामुळे लिहिणे, जुळवणे, छापणे सोपे झाले. हस्तलिखित पूर्ण होणे आणि पुस्तक निघणे यांच्यामधला वेळ कमी झाला. हाच वेळ पूर्वी संपादकाचा असे. परिणामी, चांगली बीजे असलेली अनेक पुस्तके कच्च्या अवस्थेतच बाजारात येतात. त्यांच्यावर टीका होते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, कोणी काहीच बोलत नाही. नव्या लेखकाला आपल्यात काय कमी पडले, हे कधी कळतच नाही.

ज्याला व्यावसायिक संपादक लाभत नाही, त्याने निदान एक चोखंदळ वाचक शोधावा. त्याला ‘कसे वाटले?’ असे विचारून उपयोग नाही. उत्तर ‘छान’ असेच येईल. कंटाळा कुठे आला, काय समजले नाही, कुठे विश्वास बसला नाही, हे विचारावे. त्याने दाखवलेली अडचण बहुधा खरी असते, पण त्याने सुचवलेला उपाय खरा असेलच असे नाही. तो उपाय लेखकानेच शोधायचा असतो. फिट्झजेराल्ड यांनी तेच केले, हार्पर ली यांनीही तेच केले. कार्व्हर यांना मात्र ती संधीच नाकारली गेली.

प्रकाशकांनीही संपादकाला मोबदला, वेळ आणि पुस्तकात नाव द्यायला हवे. नाव छापले म्हणजे जबाबदारीही येते. संपादनाने पुस्तक सुधारले पाहिजे, यात वाद नाही. पण काम संपल्यावर लेखकाला आपले पुस्तक आपलेच वाटले पाहिजे. तसे वाटले नाही, तर संपादकाने कितीही उत्तम वाक्ये घडवलेली असोत, त्याचे काम बिघडले असेच म्हणावे लागेल.