संगणकाच्या पोटांतील संगणक

संगणक बिघडला म्हणजे घरांत केवढी धांदल उडते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. यंत्र नवें आणतां येतें. पण त्यांत हौसेनें बसविलेले प्रोग्रॅम व त्यांची मांडणी बाजारांत विकत मिळत नाहीं. या अडचणीवर ‘आभासी यंत्र’ ही एक नामी तोड आहे.

खऱ्या संगणकांत एका प्रोग्रॅमच्या साहाय्यानें दुसरा संगणक उभा करावयाचा, अशी ही युक्ति. पहिला यजमान, दुसरा पाहुणा. पाहुण्यास आपली डिस्क स्वतंत्र आहे असें भासतें. वस्तुतः ती यजमानाच्या डिस्कवरील एक भली मोठी फाईल असते. कल्पना नवी नव्हे. आय. बी. एम. कंपनीनें १९७२ सालीं आपल्या अवाढव्य यंत्रांकरितां ही सोय जाहीर केली, आणि १९९९ सालीं व्हीएमवेअर कंपनीनें ती टेबलावरील साध्या संगणकापर्यंत आणली. व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्रॅम तर फुकट मिळतो.

सबंध संगणकच फाईल झाला म्हणजे त्याची नक्कल करून तो खिशांतून नेतां येतो! यजमान विंडोज असो वा लिनक्स, पाहुण्यास त्याचें सोयरसुतक नसतें. मात्र इंटेल प्रोसेसरसाठीं सजविलेला पाहुणा ॲपलच्या २०२० पासूनच्या एम जातीच्या प्रोसेसरवर जसाचा तसा चालत नाहीं.

आमच्याजवळ मराठी टंकलेखनाचा एक जुना प्रोग्रॅम आहे. तो विंडोज एक्सपीवरच चालतो, व त्या प्रणालीची देखभाल मायक्रोसॉफ्टनें २०१४ सालीं बंद केली. म्हणून आम्हीं एक्सपीस पाहुणा करून ठेविलें व दर आठवड्यास ‘स्नॅपशॉट’ घेऊन निश्चिंत राहिलों. स्नॅपशॉट म्हणजे त्या घटकेची स्थिति टिपून ठेवणें. कांहीं चुकलें तर मागें जातां येतें. पुढें एके दिवशीं डिस्कच निकामी झाली, आणि तिच्यावरच असलेले सगळे स्नॅपशॉट तिच्याबरोबर गेले! दोन वर्षांचें लेखन बुडालें. प्रोग्रॅमची मूळ सीडी कपाटांत सांपडली, एवढेंच सुदैव.

आतां पाहुण्यास रीतसर बंद करून (चालू असतां घेतलेली नक्कल अर्धवट उतरण्याचें भय असतें) त्याचें सबंध फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवितों व ती डिस्क दुसऱ्या घरीं ठेवितों. अधूनमधून ती नक्कल अन्य संगणकावर उघडूनही पाहतों. एक्सपी जुनाट झाल्यामुळें इंटरनेटशीं त्याची गांठ मात्र पडूं देत नाहीं. नुकतीच ती नक्कल उघडली, तेव्हां तींच ओळखीचीं अक्षरें पडद्यावर उमटलीं. हा लेख तेथेंच लिहिला आहे.